फुटबॉल मॅनेजर व्हायचंय? लायसन्सपासून नारळ मिळेपर्यंत

फुटबॉल मॅनेजर व्हायची इच्छा असलेल्या कुणाशीही गप्पा मारायला बसा. पाचव्या मिनिटाला कागद-पेन बाहेर येतं आणि कागदावर अकरा ठिपके उमटतात. खेळाडूंची मांडणी (फॉर्मेशन) ४-३-३ बरी की ३-५-२, फुलबॅकने, म्हणजे कडेच्या बचावपटूने, मधल्या फळीत यावं की कडेला राहावं, प्रेसिंग, म्हणजे बॉल हिसकावायला प्रतिस्पर्ध्यावर धावून जाणं, कुठून सुरू करावं. अशा गप्पांत रात्र सरते आणि त्यात गैर काहीच नाही. पण डावपेच सांगणारे आता पैशाला पासरी झालेत, आणि डावपेच उत्तम जाणणारे कितीतरी लोक पहिल्याच नोकरीत गारद होतात. कुठला क्लब निवडला, डोक्यावर कोण बसलंय आणि सोबत कोणाला नेलं, इथे त्यांची गाडी अडते. म्हणून या लेखात डावपेचांचा फळा कमी आहे, आणि नोकरी, करार, माणसं जास्त.

## आधी पद समजून घ्या

मॅनेजर आणि हेड कोच ही नावं आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, पण कामात बराच फरक असतो. जुन्या इंग्लिश पद्धतीत मॅनेजर हा क्लबचा सर्वेसर्वा. खेळाडू कोण घ्यायचा, कोणाला विकायचं, युवा संघ कसा चालवायचा, सगळ्यात त्याचा शब्द अखेरचा. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन मँचेस्टर युनायटेडमध्ये १९८६ ते २०१३ असेच राहिले. युरोपातल्या इतर देशांत ही कामं बऱ्याच आधीपासून वाटलेली असायची आणि आता इंग्लंडमधले बहुतेक क्लबही त्याच वळणाने गेलेत. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचं स्पोर्टिंग डायरेक्टर बघतो. हेड कोचच्या वाट्याला सराव, संघनिवड, सामने आणि पराभवाची जबाबदारी येते.

राफाएल बेनितेझ यांनी व्हॅलेन्सियाला २००२ आणि २००४ मध्ये स्पॅनिश लीग जिंकून दिली, तरी खेळाडू निवडण्यात त्यांचं फारसं चालत नव्हतं. मी सोफा मागितला होता, यांनी दिवा आणून दिला, ही त्यांची तक्रार अजून सांगितली जाते. २००४ मध्ये ते लिव्हरपूलला गेले. लीग जिंकणाऱ्याची ही गत असेल तर नवख्याने काय समजायचं ते समजावं. आपल्याला यातलं कुठलं काम जमतं आणि आवडतं, हे आधी ठरवा. खेळाडूंच्या बाजारात रस नसेल तर हेड कोचची खुर्ची बरी. सगळं आपल्या हातात हवं असेल, तर तसे क्लब आता थोडेच उरलेत, हे धरून चला.

## मोठे खेळाडू नसलात तर

अरिगो साकी यांनी वडिलांच्या व्यवसायात बूट विकले, व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळले नाहीत. त्यांच्या मिलानने १९८९ आणि १९९० असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सर्वोच्च चषक, जिंकला. मौरित्सिओ सारी बँकेत नोकरी करत करत खालच्या श्रेणीतले संघ सांभाळायचे, पुढे युव्हेंटससोबत इटलीची लीग जिंकले. ब्राझीलला १९९४ चा विश्वचषक जिंकून देणारे कार्लोस अल्बेर्तो पारेरा मुळात शारीरिक प्रशिक्षक. एमा हेज यांचं खेळणं घोट्याच्या दुखापतीने लवकर थांबलं. त्यांनी २०१२ ते २०२४ चेल्सीचा महिला संघ घडवला आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या महिला संघाला ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. हाँगकाँगमध्ये चान युएन-तिंग यांनी २०१६ मध्ये ईस्टर्न या पुरुष संघाला अव्वल लीगचं विजेतेपद मिळवून दिलं, तेव्हा त्या २७ वर्षांच्या होत्या.

ही नावं धीर देतात, पण आरशातही बघा. नावाजलेल्या माजी खेळाडूला पहिलं दार सहज उघडतं, तुम्हाला ते ठोठवावं लागणार. गंमत म्हणजे दार उघडलेल्यांपैकी शहाणे लोकही लगेच आत शिरत नाहीत. पेप ग्वार्दिओला २००७ मध्ये आधी बार्सिलोनाच्या ब संघाकडे गेले, तो तेव्हा स्पेनच्या चौथ्या श्रेणीत होता. झिनेदिन झिदान यांनी रेआल माद्रिदमध्ये आधी मॅनेजर कार्लो अँचेलोत्ती यांच्या हाताखाली सहाय्यक म्हणून आणि मग तिथल्याच ब संघात काम केलं, तेव्हा कुठे मोठी खुर्ची घेतली.

नाव नसलेल्याला आत जायचे रस्ते तीनच: युवा संघ, विश्लेषण किंवा सहाय्यकपद. जोसे मोरिन्यो १९९२ मध्ये स्पोर्टिंग लिस्बनला इंग्लिश मॅनेजर बॉबी रॉबसन यांचे दुभाषे म्हणून लागले. त्यांच्यामागोमाग पोर्तोला, तिथून बार्सिलोनाला गेले आणि पुढे तिथले नंतरचे मॅनेजर लुई व्हान गाल यांच्या हाताखालीही राहिले. शब्दांचं भाषांतर करता करता ते प्रतिस्पर्ध्यांचे अहवाल लिहू लागले, सराव घेऊ लागले. युलियान नागेल्समान यांचं खेळणं विशीतच गुडघ्याने संपवलं. त्यांच्या संघाचे प्रशिक्षक तेव्हा थॉमस टुखेल होते, त्यांनी नागेल्समानना प्रतिस्पर्धी बघून यायच्या कामाला लावलं. तिथून युवा संघ, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये वयाच्या २८ व्या वर्षी जर्मनीतल्या होफेनहाइमचा मुख्य संघ. या दोन्ही गोष्टींत एक कामाचा धडा आहे: आपल्याला शिकवेल असा वरिष्ठ मिळत असेल तर पगार आणि पदाचं नाव बाजूला ठेवा.

## लायसन्स

युरोपात युएफाची, म्हणजे तिथल्या फुटबॉल संघटनेची, शिडी आहे: सी, बी, ए आणि शेवटी प्रो. आशियात एएफसीची, म्हणजे आशियाई फुटबॉल संघटनेची, पायरी डी पासून सुरू होते आणि तिथेही शेवट प्रो वर होतो. अभ्यासक्रम त्या त्या देशाचा फुटबॉल महासंघ चालवतो. अव्वल श्रेणीच्या संघाचं मुख्य पद घ्यायचं तर युरोपात नियमाने प्रो लागतं. दोन पायऱ्यांच्या मध्ये प्रत्यक्ष संघासोबत काम केल्याचा पुरावा मागतात, त्यामुळे सुट्टी काढून एका दमात सगळं उरकता येत नाही. तळापासून प्रो पर्यंत बरीच वर्षं जातात.

वरच्या दोन पायऱ्यांवर जागा मोजक्या असतात आणि निवड करताना तुम्ही सध्या कुठे काम करता हे बघितलं जातं. चांगल्या क्लबात नोकरी नाही म्हणून अभ्यासक्रमाला जागा नाही, आणि लायसन्स नाही म्हणून नोकरी नाही, असा तिढा पडतो. तो सोडवायचा तर पहिल्या दोन पायऱ्या शक्य तितक्या लवकर चढा, अगदी खेळत असतानाच. आणि बी हातात आलं की व्यावसायिक क्लबच्या युवा विभागात मिळेल ते काम धरा. घेतलेल्या प्रत्येक सरावाची नोंद तारीख, उद्देश, आकृती आणि काय फसलं यासह ठेवा. पुढच्या पायरीच्या अर्जाला ती वही जोडता येते, आणि मुलाखतीत ती वही सीव्हीपेक्षा जास्त बोलते.

लायसन्स म्हणजे नुसता कागद, असं म्हणणारे बरेच भेटतील. विल स्टिल यांच्याकडे प्रो नव्हतं. २०२२ मध्ये फ्रान्सच्या रँस क्लबने त्यांना मुख्य पद दिलं आणि त्यापायी क्लबला सामन्यामागे २५,००० युरो दंड भरावा लागत होता. निकाल चांगले येत होते म्हणून मालकाने तो भरला. तुमच्यासाठी कोण भरणार?

अभ्यासक्रमातला सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे लेखन. फ्लॉरेन्सच्या कोव्हेर्चानो केंद्रात इटलीचे मॅनेजर घडतात, तिथे शेवटी प्रबंध लिहावा लागतो. कार्लो अँचेलोत्ती यांचा विषय होता फुटबॉलचं भविष्य आणि वाढती गतिमानता. तुमच्या अभ्यासक्रमात प्रबंध नसला तरी एखाद्या विषयावर तीस-चाळीस पानं लिहून काढा. जे लिहिता येत नाही, ते खेळाडूंना समजावताही येत नाही.

## पहिला संघ लहान मुलांचा

मोठ्यांच्या संघात तुमची चूक एखादा गुणी खेळाडू झाकून टाकतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांत ती लगेच उघडी पडते. सूचना लांबली की मुलं हिरवळ उपटायला लागतात. यापेक्षा प्रामाणिक परीक्षक शोधून सापडणार नाही.

एक सराव जवळून बघू. विषय: मागून बॉल बाहेर काढणं. अर्धं मैदान घ्या. एका बाजूला गोलरक्षक, चार बचावपटू आणि दोन मधल्या फळीतले. त्यांच्यावर चाल करून येणारे पाच जण. मध्यरेषेवर दोन छोटे गोल ठेवा. सात जणांनी पास करत त्या छोट्या गोलांपैकी एकात बॉल घालायचा. पाच जणांनी बॉल हिसकावला तर आठ सेकंदांत मोठ्या गोलवर शॉट मारायचा. नियम एवढेच. गोलरक्षकाने बॉल सोडला की तुम्ही गप्प राहायचं, हे सगळ्यात अवघड. पहिली दोन-तीन मिनिटं गोंधळ होऊ द्या.

मग एकदाच शिटी वाजवा आणि सगळ्यांना जागच्या जागी उभं करा. बॉल मधल्या फळीतल्या मुलाकडे येतोय, पण त्याची छाती स्वतःच्या गोलकडे आहे, पाठीमागे कोण आहे ते त्याला दिसत नाही. त्याला चूक सांगू नका. विचारा, ‘‘तुझ्या मागे किती जण आहेत?’’ तो मान वळवून बघेल. ‘‘बॉल यायच्या आधी बघितलं असतंस तर?’’ बहुतेक वेळा तो स्वतःच पाय आणि खांदा तिरका करून उभा राहतो. खेळ सुरू करा. पुढच्या पाच मिनिटांत तोच मुलगा एकदा जरी मान वळवून बॉल घेऊन पुढे वळला, तर तुमचा सराव जमला. वळला नाही तर जागा कमी-जास्त करा, पाचाऐवजी चारच जण चाल करू द्या. चांगला प्रशिक्षक बोलण्याआधी मैदानाची मापं बदलतो.

हे दोन-तीन हंगाम मन लावून करा. वाया जात नाहीत.

## सामना बघणं आणि स्वतःचा खेळ ठरवणं

टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे धावतो आणि आपणही. शक्य असेल तेव्हा स्टेडियममध्ये उंचावर बसा आणि दहा-दहा मिनिटं फक्त एकच गोष्ट बघा: बॉल गेला की पहिल्या पाच सेकंदांत अख्खा संघ काय करतो, किंवा बॉल उजवीकडे असताना डावा फुलबॅक कुठे उभा असतो. व्हिडिओवर तोच सामना पुन्हा बघा आणि आपल्या नोंदी कुठे चुकल्या ते तपासा.

याचं व्यसन लागू शकतं. लीड्सचे तेव्हाचे मॅनेजर मार्सेलो बिएल्सा यांनी २०१९ मध्ये पत्रकारांसमोर आपली सगळी तयारी उघड केली. डर्बी काउंटीचे आधीच्या हंगामातले ५१ सामने त्यांच्या चमूने बघितले होते आणि एकेका सामन्याच्या विश्लेषणाला चार तास लागत. एवढ्याची गरज नसते, स्वतःची बेचैनी कमी व्हावी म्हणून हे करतो, अशी कबुलीही त्यांनी तिथेच दिली. तेवढं विश्लेषण करा, जेवढं खेळाडूपर्यंत पोचतं. मैदानात उतरणाऱ्याच्या डोक्यात सामन्याआधी तीन गोष्टी मावतात, चौथी सांगितली की पहिली सांडते.

आपला खेळ एका पानावर लिहा. बॉल आपल्याकडे असताना, नसताना, मिळाल्या क्षणी, गेल्या क्षणी आणि सेट पीसला (कॉर्नर, फ्री किकसारख्या थांबलेल्या बॉलच्या वेळी) संघ काय करेल. प्रत्येकी दोन-तीन वाक्यं, फॉर्मेशनचा आकडा न लिहिता. त्याच पानाच्या मागे लिहा: खेळाडू या पद्धतीचे नसतील तर मी काय सोडेन आणि काय सोडणार नाही. पहिल्या नोकरीत हे मागचं पानच जास्त वापरात येतं, कारण खेळाडू तुम्ही निवडलेले नसतात.

## सोबतची माणसं

इंग्लिश मॅनेजर ब्रायन क्लफ १९७४ मध्ये लीड्स युनायटेडला गेले तेव्हा त्यांचे जुने सहकारी पीटर टेलर सोबत नव्हते, ते आधीच्या ब्राइटन क्लबातच थांबले. क्लफ ४४ दिवस टिकले. पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये १९७६ साली टेलर येऊन मिळाले. १९७७ मध्ये संघ वरच्या श्रेणीत गेला, १९७८ मध्ये लीग जिंकला, १९७९ आणि १९८० मध्ये युरोपियन कप. लीड्सच्या अपयशाला कारणं अनेक होती. ज्या संघावर क्लफनी वर्षानुवर्षं जाहीर टीका केली, त्याच ड्रेसिंग रूममध्ये ते गेले होते. पण टेलर यांची खेळाडू हेरायची नजर आणि क्लफना ताळ्यावर ठेवायची हातोटी तिथे नव्हती, हेही खरं.

तुमच्यात जे नाही ते असलेला सहाय्यक शोधा. तुम्ही तापट असाल तर खेळाडू ज्याच्याकडे मन मोकळं करतील असा. तुम्ही फळ्यावरचे असाल तर ड्रेसिंग रूममध्ये वाढलेला. गोलरक्षक प्रशिक्षक, फिटनेस प्रशिक्षक आणि विश्लेषक क्लबात आधीपासून असतात. त्यांना लगेच बदलू नका, क्लबचा इतिहास त्यांनाच ठाऊक असतो. फक्त सेट पीससाठी वेगळा माणूस ठेवणंही आता मोठ्या क्लबांत रुळलंय, आर्सेनलने २०२१ मध्ये निकोला जोव्हेर यांना याच कामासाठी घेतलं. पैसे नसतील तर सहाय्यकांपैकी एकाला त्या कामाचा पूर्ण मालक करा.

माझं ठाम मत: हो ला हो करणारा मित्र सहाय्यक म्हणून नेऊ नका. पराभवानंतर बसमध्ये ‘‘बदल उशिरा केलास’’ असं तोंडावर सांगणारा माणूस न्या.

## नोकरी घेणं आणि नाकारणं

हंगामाच्या मध्यात जागा रिकामी होते ती बहुतेक तळाच्या क्लबात. म्हणजे पहिली संधी येते तीच बुडत्या जहाजाची. घ्यायची की नाही, हे ठरवताना हुरळून जाऊ नका. फोन ठेवला की चौकशीला लागा.

गेल्या पाच वर्षांत इथे किती मॅनेजर झाले? दोन वर्षांत चार घालवणारा मालक पाचव्यासाठी बदलत नाही. आधीच्यांपैकी एकाला तरी फोन करा, ते बोलतात, बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त. पगार वेळेवर होतात का, हे खेळाडूंच्या एजंटला विचारा. किती जणांचे करार या हंगामाअखेर संपतायत? जखमींची यादी केवढी? सराव मैदानाची अवस्था काय? मालकाच्या मनात संघाचं स्थान कुठलं आणि खेळाडूंच्या पगारावर होणारा खर्च त्या लीगमध्ये कितव्या क्रमांकाचा? खर्च सतराव्या क्रमांकाचा आणि अपेक्षा पाचव्या स्थानाची असेल, तर हकालपट्टीची तारीख तेवढी ठरायची बाकी आहे. आणि ड्रेसिंग रूमचं खरं हवामान विचारायचं तर किट सांभाळणाऱ्या माणसाला विचारा. त्याला सगळं माहीत असतं.

धीर धरणारा क्लब मिळाला तर तो खालच्या श्रेणीतला असला तरी घ्या. ग्रॅहम पॉटर यांनी इंग्लंडबाहेर पडून स्वीडनमधल्या ओस्टरसुंड या चौथ्या श्रेणीच्या क्लबात कामाला सुरुवात केली. संघ अव्वल श्रेणीत पोचला, २०१७ मध्ये स्वीडिश कप जिंकला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये आर्सेनलला त्यांच्याच मैदानावर २-१ असं हरवून आला. युर्गेन क्लॉप जर्मनीच्या माइन्झ क्लबचे खेळाडू होते, २००१ मध्ये त्यांनाच मॅनेजर केलं गेलं. २००२ मध्ये एका गुणाने आणि २००३ मध्ये एका गोलच्या फरकाने वरच्या श्रेणीत बढती हुकली. क्लबने त्यांना ठेवलं. २००४ मध्ये बढती मिळाली. २००७ मध्ये संघ पुन्हा खाली घसरला, तरीही ठेवलं. डॉर्टमुंड आणि लिव्हरपूलमधले क्लॉप पुढे सगळ्यांना दिसले, पण घडले ते माइन्झच्या या धीरावर.

मुलाखतीला दुसऱ्या संघांच्या चकचकीत चित्रफिती नेऊ नका. त्याच क्लबचे शेवटचे पाच-सहा सामने घ्या, तीन दुखणी दाखवा आणि प्रत्येकावर पहिल्या आठवड्यात काय कराल ते सांगा. युवा संघातल्या दोन मुलांची नावं घ्या आणि ती का आवडली ते सांगा. समोर बसलेल्यांना तिथे जाग येते. आधीच्या मॅनेजरला नावं ठेवू नका, त्याला यांनीच नेमलं होतं. आणि तुमचे प्रश्न विचारायला कचरू नका: खेळाडू घेताना माझा शब्द कुठवर? मला नको असलेला खेळाडू घेतला जाईल का? मालक सामन्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये येतात का?

## करार

खेळ समजणारी माणसं करारापुढे लहान मुलं होतात. वकील लावाच, आणि तो खेळाच्या कायद्यातला हवा. पगारापेक्षा आधी तीन कलमं बघा: मुदतीआधी काढल्यास नुकसानभरपाई किती आणि एकरकमी की महिन्यामागे, तुम्ही सोडून गेलात तर तुमच्या बाजूने क्लबला किती द्यावं लागेल, आणि तुमच्या सहाय्यकांचे करार तुमच्यासोबत संपतात का. तुम्हाला नारळ मिळाला तर सहाय्यकही त्याच दिवशी घरी जातात, त्यांच्या करारात काहीच तरतूद नसेल तर ते तुमच्या मनाला लागून राहतं. संघ खालच्या श्रेणीत गेल्यावर पगार किती कापला जाईल, हेही वाचा.

परदेशी क्लबशी करार असेल तर फिफाचे प्रशिक्षकांसाठीचे नियम कामी येतात. ते २०२१ पासून लागू आहेत. दोन महिन्यांचा पगार थकला आणि लेखी नोटीस देऊन पंधरा दिवस उलटले, तर प्रशिक्षकाला योग्य कारणासह करार मोडता येतो. ‘बघू, देतो’ या तोंडी आश्वासनावर सहा महिने काढू नका.

## पहिला दीड महिना

नव्या मॅनेजरला वाटतं, आल्या आल्या आपली छाप पडली पाहिजे. मग फॉर्मेशन, जेवणाच्या वेळा, कर्णधार, सगळं एकदम बदलतं आणि खेळाडूंना काहीच नीट कळत नाही. पहिल्या आठवड्यात प्रत्येक खेळाडूला एकट्याला पंधरा मिनिटं भेटा. बोलू त्याला द्या. तुझी सगळ्यात आवडती जागा कुठली, गेल्या वर्षी काय खटकलं, घरी सगळं ठीक आहे ना. शेवटच्या प्रश्नावर कधीकधी फॉर्म का गेला त्याचं उत्तर मिळतं.

मैदानावर आधी बचाव लावा आणि सेट पीस बसवा. सुंदर खेळ बसायला महिने लागतात. कॉर्नर आणि फ्री किकची मांडणी मात्र काही सरावांत सुधारते आणि लगेच गुण देते. होफेनहाइम सतराव्या स्थानावर असताना नागेल्समान आले आणि संघ वाचला, पुढच्याच हंगामात तो चौथा आला. असं नेहमी होत नाही, पण वाचवणं आधी आणि घडवणं नंतर हा क्रम तोच राहतो.

आठवड्याचा आराखडा शनिवारच्या सामन्याभोवती साधारण असा असतो. रविवारी खेळलेल्यांना हलका व्यायाम आणि न खेळलेल्यांना खरा सराव. सोमवारी सुट्टी. मंगळवारी छोट्या जागेत जोराचे, झटापटीचे खेळ. बुधवारी मोठ्या मैदानावर लांब पल्ल्याचा, आठवड्यातला सगळ्यात जड दिवस. गुरुवारी वेग, पण थोड्या वेळाचा. शुक्रवारी सेट पीस आणि तासाभरात घरी. पोर्तोचे व्हितोर फ्रादे यांनी मांडलेल्या पद्धतीत या प्रत्येक दिवसाचा व्यायामही आपल्या खेळाच्या कल्पनेतूनच येतो, नुसतं पळणं वेगळं नसतं. आठवड्यात दोन सामने असले की हा सगळा आराखडा कोलमडतो. मग सराव म्हणजे विश्रांती, व्हिडिओ आणि चालत चालत दाखवलेली जागा.

## मध्यंतराची पंधरा मिनिटं

सामन्याच्या दिवशी मॅनेजरच्या हातात फार थोडं असतं. बदली खेळाडू पाच, पण ते उतरवायला खेळ थांबवण्याच्या संधी तीनच. मध्यंतरातला बदल त्या तिनांत धरत नाहीत, म्हणून दोन बदल करायचेच असतील तर तिथे करा. टचलाइनवरच्या आखलेल्या जागेतून एका वेळी एकानेच सूचना द्यायच्या असतात, आणि तिथून ओरडलेलं अर्धं खेळाडूला ऐकूही जात नाही.

राहतं मध्यंतर. कागदावर पंधरा मिनिटं. आत यायला आणि परत जायला मिळून चार गेली. पहिली तीन मिनिटं खेळाडूंना पाणी पिऊ द्या, बूट सोडू द्या, एकमेकांवर चिडू द्या. तेवढ्यात तुम्ही बाहेर सहाय्यक आणि विश्लेषकाशी उभ्या उभ्या बोला. विश्लेषकाकडे दोन क्लिप तयार असतील, त्यातली एकच निवडा. मग आत या आणि चार मिनिटं बोला. एक दुखणं, एक उपाय, एक गोष्ट जी चांगली चाललीय. ‘‘त्यांचा सहा नंबर मोकळा सुटतोय. आपला दहा त्याच्या अंगावर राहील, मग स्ट्रायकरने त्यांच्या दोन मधल्या बचावपटूंच्या मध्ये उभं राहायचं.’’ संपलं. (सहा नंबर म्हणजे बचावफळीपुढचा मधला खेळाडू, दहा म्हणजे स्ट्रायकरच्या मागचा.) उरलेल्या वेळात दोन-तीन जणांच्या शेजारी बसून हळू आवाजात काय ते सांगा. खुर्च्या फेकणं हंगामात एखाद्या वेळी चालतं, दुसऱ्यांदा फेकली की खेळाडू खुर्ची किती लांब गेली ते बघतात.

## खेळत नसलेले

संघात पंचवीस जण असतील तर दर आठवड्याला चौदा जण तुमच्यावर नाराज असतात. हंगाम बिघडतो तो बहुतेक यांच्याकडून. ज्याला बाहेर बसवताय त्याला यादी लागायच्या आधी समोर बोलावून सांगा, फुटबॉलमधलं एक खरं कारण देऊन. ‘‘सराव चालू ठेव, संधी येईल’’ हे वाक्य त्याने दहा मॅनेजरांकडून ऐकलेलं असतं. त्याऐवजी सांगा, ‘‘बॉल गेल्यावर तू परत येत नाहीस, हे दोन आठवडे मला सरावात दिसू दे.’’ दिसलं तर खेळवा. शब्द पाळला नाही, तर ती बातमी तासाभरात सगळ्या ड्रेसिंग रूममध्ये पोचते.

पत्रकार परिषदेबद्दल इतकंच: खेळाडूवर जाहीर टीका करू नका, रेफरीवरची टीका दंडाएवढीच ठेवा, आणि मालकाला जे सांगायचंय ते माइकवरून सांगू नका.

## नारळ मिळाल्यावर

मिळणारच आहे. क्लाउदिओ रानिएरी यांना नोव्हेंबर २०१४ मध्ये फॅरो बेटांकडून घरच्या मैदानावर हरल्यावर ग्रीसने राष्ट्रीय संघाच्या पदावरून काढलं. २०१६ मध्ये त्यांनी लेस्टरला प्रीमियर लीग जिंकून दिली. फेब्रुवारी २०१७ मध्ये लेस्टरनेही काढलं. फर्ग्युसन यांना १९७८ मध्ये सेंट मिरेनने काढलं होतं, तेव्हा त्यांनी त्या संघाला वरच्या श्रेणीत नेऊन वर्ष उलटलं होतं. आर्सेन वेंगर यांचा नान्सी हा फ्रेंच क्लब १९८७ मध्ये खालच्या श्रेणीत घसरला आणि त्याच उन्हाळ्यात मोनाकोने त्यांना बोलावलं, कारण थोड्या पैशांत ते काय करत होते हे बघणाऱ्यांनी बघितलं होतं.

त्या दिवशी कुठलंही पत्रक काढायच्या आधी वकिलाला फोन करा. खेळाडूंचा आणि कर्मचाऱ्यांचा नीट निरोप घ्या, शिपायापासून. ही माणसं पुढे दुसऱ्या क्लबात जातात आणि तुमच्याबद्दल विचारणा त्यांच्याकडेच होते. भरपाई महिन्यामागे मिळत असेल तर नवी नोकरी धरल्यावर ती थांबते का, ते करारात पुन्हा वाचा, कारण पुढच्या नोकरीचा पगार ठरवताना हा आकडा लागतो.

मग दोन-तीन आठवडे फुटबॉल बंद. त्यानंतर बसून लिहा: कुठले खेळाडू मी उशिरा ओळखले, कुठला निर्णय मालकाच्या दबावाखाली घेतला, कुठल्या सामन्यानंतर ड्रेसिंग रूम हातातून गेली. ते सहाय्यकांनाही स्वतंत्र लिहायला सांगा आणि कागद ताडून बघा. दुसऱ्या देशातल्या एखाद्या क्लबात आठवडाभर सराव बघायला परवानगी मागा, मॅनेजर लोक एकमेकांना सहसा नाही म्हणत नाहीत. टीव्हीवर विश्लेषण करायची संधी आली तर घ्या, पण ज्या क्लबात जायला आवडेल त्याच्या मॅनेजरवर तिथून तोंडसुख घेऊ नका.

पहिल्या नोकरीनंतर बऱ्याच जणांना दुसरी मिळत नाही. म्हणून पहिला फोन आला की कुठलाही क्लब चालेल असं वाटतं, आणि तो फोन पुन्हा तळाच्याच क्लबचा असण्याची शक्यता जास्त. लगेच होकार देऊ नका, एक दिवस मागून घ्या. त्या चोवीस तासांत आधीच्या मॅनेजरला, एका एजंटला आणि किट सांभाळणाऱ्या माणसाला फोन करा, मग आपल्या सहाय्यकांना विचारा, यातलं कोण येऊ शकतं.